बाजूला ठेवलेली पिशवी

धंतोलीत बाहेर शेहेचाळीस अंश.
आत मी पंपाशी, पायांत दोन-दोन मोजे.
कोपऱ्यात डुलत्या तबकावर
रघोबा धकात्यांची पिशवी,
सकाळी त्यांच्याच रक्तातून काढून ठेवलेली.

उरलेल्या प्लेटलेट्स माझ्या नळ्यांतून फिरतात.
भाबड्या.
प्लास्टिक लागलं की त्यांना जखमच वाटते,
धावत जाऊन बिलगतात, गाठ मारतात
जिथे काहीच तुटलेलं नाही.

गोळीबार चौकात चाळीस वर्षं माग चालवलेला माणूस.
काल विचारत होता,
"पोरी, आतला तुटला धागा सांधते कोन?"
मी सांगितलं.
"मंग त्यायले आधीच थकवू नको."

एकशे बारा मिनिटं.
पंप थांबवला.
हृदय आधी नुसतं थरथरलं, मग एक ठोका,
बऱ्याच वेळाने, म्हणजे दोन सेकंदांनी, दुसरा.
पिशवी वर टांगली. थेंब. थेंब.
सगळे टाक्यांकडे बघत उभे.
गॉज लाल. पुन्हा लाल.
मग गुलाबी.
कुणीतरी एसीला शिव्या दिल्या, तेव्हा कळलं,
जमलं.

नळ्या मी लाल पिशवीत टाकते.
आतून चिकटलेल्या त्या अजून तिथेच,
खोट्या जखमेला
घट्ट धरून.