रहिवासी

मस्कतला, अल खुवैरच्या रुग्णालयाच्या तळघरात
मेणाचे ठोकळे आहेत, खणाखणांतून, वर्षवार लावलेले.
बाहेर अठ्ठेचाळीस. मेण साठाला वितळतं,
म्हणजे बारा अंशांचा काय तो आमचा धीर.

डॉक्टर रय्यांनी यादी पाठवली:
पित्तनलिकेच्या पुटी, दहा वर्षं, एकतीस मुलं.
त्यांतल्या चोवीस मुलीच.
प्रत्येकाचा नवा काप हवा,
आणि शेवटची भेट कधी, तेही शोध.

मी चाक फिरवते. चार मायक्रॉन.
कोमट पाण्यावर काप पसरतो,
घावन तव्यावर धरतं तसा, कडेपासून.

२२०७. तस्नीम. तेव्हा चार वर्षांची.
बाप पोर्ट सुदानचा, सीबला पाण्याचा टँकर चालवायचा.
पिवळे डोळे, पांढरी शी,
पोटात उजवीकडे लिंबाएवढं काहीतरी.
लिंबाएवढं, असं बाप म्हणाला होता.
निघालं ते संत्र्याएवढं.

तस्नीम म्हणजे जन्नतीतला झरा,
हे मला बाणकोटला उस्तादबीनं शिकवलं होतं.
वरून खाली येतो म्हणे.
हिचा वाटेतच अडून फुगला.

भिंगाखाली त्याची भिंत:
आतलं अस्तर जवळजवळ गेलेलं,
जुन्या टाकीचे पोपडे निघावेत तसं.
मग जाड, गुलाबी, आडवेतिडवे तंतू.
स्नायूचा एखादाच धागा.
निळ्या पेशींचे घोळके,
शुक्रवारी रुवीच्या चौकात माणसं बसतात तसे.
आणि एका कोपऱ्यात आतड्यातल्या पेशी,
ज्यांचं तिथे काहीच काम नव्हतं.
घातक बदल नाही.
हे वाक्य तेव्हा मीच टंकलं होतं, दोनदा वाचून.

पुटी सगळी काढली,
आतड्याचं वेटोळं वर ओढून यकृताच्या नळीला जोडलं.
दहाव्या दिवशी घरी.
दीड वर्षाने एकदा थंडी वाजून ताप.
मग दोन वर्षं ठीक.
मग फाइलमध्ये कोरी पानं.

बाप खिडकीशी आला होता:
काढलेलं परत देता का, पुरायला?
म्हटलं, बरंचसं देतो. थोडं मेणात राहतं.
किती वर्षं?
आम्ही टाकत नाही.
हसला. म्हणजे ती रहिवासी झाली,
माझं कार्ड तर दोनच वर्षांचं.

एकतीसपैकी बावीस बरी.
एकीचा जोड अरुंद झाला, पुन्हा उघडावा लागला.
एक मुलगा गेला; त्याचा ठोकळा मी भराभर कापला.
सातांपुढे लिहिलंय, पाठपुरावा नाही.

नंबर लावून बघितला.
एका बाईने उचलला, तगालोगमध्ये कुणाला तरी दटावलं,
मग म्हणाली, चार वर्षं झाली, हा नंबर माझा आहे.

तेरा वर्षांची असेल आता.
असा जोड जन्मभर बघावा लागतो,
वर्षाकाठी रक्त, वर्षाकाठी सोनोग्राफी,
कुणीतरी, कुठेतरी.

काप रंगला. गुलाबी, निळा,
पहिल्या दिवशी होता तेवढाच.
रय्या विचारतात, हिची शेवटची भेट?
मी आजची तारीख सांगते.
मग म्हणते, नको, खोडा.