चिकटपट्टीचं घर

नोव्हेंबरात, सरोवरावरून हाडं फोडणारा वारा सुटला तेव्हा
मार्लिसनं हॉलमधलं सगळं सामान भिंतींना टेकवलं
आणि लाकडी जमिनीवर निळी चिकटपट्टी लावली.
लांबी चोवीस फूट, रुंदी आठाला जरा कमी.
"हे आपलं घर," ती म्हणाली,
"बर्फ वितळेपर्यंत यातच राहून बघू."

खरी गाडी अजून यायची होती.
हिबिंगच्या एका विधुराच्या अंगणात ती बर्फाखाली गाडलेली.
तो फोनवर म्हणाला, आत्ता उघडायला गेलात
तर दार तुमच्या हातात येईल.

स्टूल म्हणजे शेगडी.
इस्त्रीचं टेबल म्हणजे संडासाची भिंत.
एकानं स्वयंपाक करायचा तर दुसऱ्यानं गादीवर पाय वर घेऊन बसायचं.
पहिल्याच दिवशी मी तिच्या पायावर तीनदा पाय दिला.
दुसऱ्या दिवशी विसरून सरळ फ्रिजकडे निघालो,
तर मागून आवाज:
"ऑरिन, तू आत्ता भिंतीतून गेलास."

टोइवो आला, शेजारचा.
पट्टीबाहेर बूट काढले, हवेवर टकटक केली,
आणि आम्ही सरकून जागा केल्यावर कॉफी प्यायला.
बर्फ उडवायचं यंत्र त्याला देऊन टाकलंय.
जाताना म्हणाला, पण तुमची पत्रं कुठं येणार?
आम्ही दोघांनी कपात पाहिलं.

डुलूथच्या धक्क्यावर चौतीस वर्षं मी जहाजं भरली,
लोहखनिज, हजारो टन;
पाणी कुठल्या रेघेला लागलं त्यावरून सांगायचो,
बस, आता एक ढेकूळही नको.
आणि आता न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर
मी चमचे मोजतोय.
गाडीत चौदाशे पौंड चालतात.
पाणी धरून. आम्ही धरून.

मार्लिसच्या वहीत सगळं नोंदलेलं:
हत्यारांची पेटी, एकसष्ट.
तिच्या आईची लेफ्साची तवी, नऊ.
(बटाट्याची पोळी वर्षातून एकदा, नाताळात होते.
मी म्हटलं, एका दिवसासाठी नऊ पौंड?
ती म्हणाली, तुझ्या पेटीतले निम्मे पाने
तू कुणाकडून उसने आणलेस तेही तुला आठवत नाही.)
ऑरिन, दोनशे बारा.
मार्लिस, आणि पुढं कोरी जागा.

मी काही विचारलं नाही.
तेवढं शहाणपण लग्नात येतंच.

रात्रींचं सांगायचं राहिलं.
एकोणीस वर्षं आम्ही वेगळ्या खोल्यांत झोपत होतो.
भांडण नव्हतं, माझं घोरणं होतं.
पट्टीच्या घरात दुसरी खोली नाही.
डिसेंबरभर तिनं मला कोपरानं ढोसलं,
जानेवारीत ढोसायची थांबली,
आणि फेब्रुवारीत एकदा पहाटे मी जागा झालो
तर ती घोरत होती,
बारीक, बंदराबाहेर थांबलेल्या बोटीच्या इंजिनासारखी.
इतक्या वर्षांत मला हे कुणी सांगितलंच नव्हतं.
सांगणार तरी कोण?
उजाडेपर्यंत ऐकत पडलो.

मार्चात सोल्वेगचा फोन आला, टक्सनहून:
बाबा, तुम्ही नक्की ठरवलंय ना?
मी म्हटलं, अगं, आम्ही कधीच निघालोय,
अजून हॉलमध्येच आहोत, एवढंच.

एप्रिलच्या अखेरीस गाडी दारात आली.
आत उंदरांचा वास, एक मागचा दिवा फुटका.
वही उघडली, शेवटची बेरीज करायला बसलो,
तर कोऱ्या जागी पेन्सिलीनं आकडा होता.
मी तो वाचला आणि बेरजेत धरला.
कितीही केलं तरी सत्तावीस पौंड जास्तच भरत होते.
पेटी उघडून मी पाने टोइवोकडे नेऊन दिले.
त्यातले चार त्याचेच निघाले.

पट्टी उचकटताना जमिनीचं पॉलिश तिच्यासोबत निघून आलं.
मधोमध राहिली फिकट, लांबट चौकट.
घर घेणारं जोडपं तरुण, मुलगी पोटुशी.
तिनं विचारलं, इथं काय होतं, कपाट?

मार्लिस किल्ल्या शोधत होती.
मान वर न करता म्हणाली,
"इथं आम्ही राहायचो."