मूळ गाव

कागदावर माझं मूळ गाव हिंटरएग.
एक रात्रही तिथे काढलेली नाही.
जन्म विंटरथूरचा, इंजिनांच्या कारखान्यामागे,
जिथे आईचे पडदे वाळता वाळताच काळे व्हायचे.
पण आमच्या देशात दप्तरात लिहितात ते जन्माचं ठिकाण नाही,
पणजोबाचं गाव.
आणि लग्न झालेल्या बाईला
नवऱ्याच्या पणजोबाचं.

एकाहत्तरच्या जूनमध्ये एका कारकुनाने
शाई टिपून घेत माझा डोंगर बदलला.
"सही इथे, फ्राउ इनाल्बोन."
मी केली. पेन छान होतं.

फ्राउ काफ्लिश माझ्या लेकीहून लहान.
तिच्या खोलीत दोन खुर्च्या, जराशा तिरप्या,
नजर चुकवायची तर खिडकी सापडावी म्हणून.
खिडकीत सफरचंदाचं झाड, बोडकं छाटलेलं.
मी तिला स्वप्न सांगितलं, तक्रार सांगावी तसं:

एकतीस वर्षं हॉटेलच्या चादरींना इस्त्री केली,
झोपेतही करते.
चौथी घडी घालते न घालते तोच
एक बाई येते, अनवाणी, गुडघ्यापर्यंत चिखल,
आणि त्या पांढऱ्या थप्पीवर
सावकाश बसते.
बोलत नाही. बसते.

तिला घालवायचं कसं, एवढंच सांगा.

काफ्लिश म्हणाली,
"तिला कधी विचारलंत, तुम्ही कुठल्या?"

एकशेऐंशी फ्रँक मोजून हे ऐकायचं!
दोन मंगळवार गेलेच नाही.

तिसऱ्या मंगळवारी पिवळी पोस्टाची बस धरली,
वळणावळणाला भोंगा वाजवत ती वर चढली.
हिंटरएग म्हणजे एक हौद, एक बंद दुकान,
आणि चर्चच्या भिंतीला टेकलेली कबरस्तानाची पट्टी:
इनाल्बोन, इनाल्बोन, झुर्मुल, इनाल्बोन.
मोरित्झ नव्हता.
पंचवीस वर्षं झाली की इथे दगड उचलतात,
जागा गवताला देतात.
म्हणजे मेलेल्यालाही मूळ गावात
भाडेकराराची मुदत.
मला हसू आलं. एकटीच, मोठ्याने.

हौदावर दुधाच्या बरण्या घासणारी एक म्हातारी
मान वर न करता म्हणाली, "कुठल्या तुम्ही?"
तोंड उघडलं,
आणि आत इतकी गावं एकदम उभी राहिली
की एकही बाहेर पडेना.
"बस किती वाजता आहे?" मी विचारलं.

काफ्लिशला हे सगळं सांगितलं.
तिने काहीच शहाणं म्हटलं नाही.
घड्याळाकडे पाहिलं, म्हणाली, "पुढच्या मंगळवारी."

काल रात्री ती पुन्हा आली.
मी इस्त्री उभी करून ठेवली.
"सरक जरा," म्हटलं.
सरकली.
थप्पी अजून गरम होती.
नाव तिने सांगितलं नाही, मीही रेटलं नाही.
फक्त पाय दिसले, शेजारी शेजारी, चार:
तिचंही अंगठ्याजवळचं बोट
अंगठ्याहून लांब,
माझ्या बापाचं होतं तसं.