शंभरात दोन

तार्तूत नोव्हेंबरचे साडेतीन वाजले
म्हणजे दिवस आटोपला.
तळघरातल्या खोलीत मी, आणि
सहा तासांपासून उपाशी ठेवलेले काही लाख अमीबा.

त्यांना उपाशी ठेवणं हे माझं काम. सव्वीस वर्षं.
यांचा खापरपणजा कुठल्याशा जंगलात
कुजक्या पानांखाली सुखात होता.
पोट भरलेलं असतं तोवर ज्याचं त्याचं बरं चाललेलं,
कुणी कुणाला विचारत नाही.
मग भूक लागते, आणि एक कुणीतरी
(निवडून दिलेला नव्हे, फक्त आधी धीर सुटलेला)
जराशी हाक पाण्यात सोडतो.
सहा मिनिटं थांबतो.
पुन्हा सोडतो.

शेजारच्याला नाक नाही, कान नाही,
पुढचं-मागचंही ठरलेलं नाही.
अंगभर नुसत्या खुंट्या,
त्यांवर ती हाक येऊन टांगली जाते.
या कुशीला शंभर खुंट्या भरल्या,
त्या कुशीला अठ्ठ्याण्णव.
एवढ्यावर तो निघतो.

शंभरात दोन!
मी बटाटे घेतानासुद्धा याहून जास्त फरक मागते.

लेंबेचा फोन येतो. धाकटी बहीण,
व्होरूकडे, बर्चच्या रांगेपलीकडचं शेवटचं घर.
विल्लेम गेल्यापासून सौनाची लाकडं तीच फोडते.
म्हणते, फ्लॅट विक आणि ये,
निवृत्तीला तुझ्या चार महिने तर उरलेत.
मी म्हणते, बघू.
आमच्या घरात 'बघू' हे क्रियापद नाही, गाव आहे.
आई जन्मभर तिथेच राहिली.

तिला एक सांगितलेलं नाही:
मार्चच्या तापात माझा वास गेला.
राईचा पाव जळून कोळसा झाला,
आणि मी शेजारी बसून शब्दकोडं सोडवत होते.
मेमध्ये नदीकाठी बर्डचेरी फुलली, पांढरी,
जशी टीव्हीवर फुलते.
कॉफी कधी रबर लागते, कधी काहीच नाही.

तानेलने काचेवर चक्रव्यूह कोरलाय,
त्यात सगळीकडे हाक सारखीच भरून ठेवलीय.
मी म्हटलं, अरे, सगळीकडे सारखं असेल
तर बिचाऱ्यांना कळणार कसं?
तो म्हणाला, बघत राहा, उर्वे.
बघितलं. ते खातात.
समोरची हाक खात खात सरकतात;
मागे ती उरत नाही, पुढे उरते,
आणि तो उतार त्यांनी स्वतः केलेला असतो.
बंद गल्लीतलं पटकन संपतं.
खुल्या वाटेवरचं संपत नाही.

एक मात्र फाट्यावर अडकला.
डावीकडे एक पाय काढला, उजवीकडे एक,
अंग मध्ये ताणलेलं, धुवायला काढलेल्या मोज्यासारखं.
मी घड्याळ लावलं. अकरा मिनिटं.
तानेल जेवायला गेला. मी नाही गेले.
मग डावा पाय विरघळला,
आत ओढून घेतला गेला, त्याचंच सामान
उजवीकडे कामाला लागलं.
मला वाटलं होतं डावीकडे जाईल.
मी चक्क हरले, कुणाशी पैज लावली नसताना.

ते योग्य दिशेने गेलं का, ते विचारू नका.
गोळा झालेल्यांतले पाचातला एक
देठ होऊन उभा राहतो आणि तसाच मरतो,
बाकीचे त्याच्या डोक्यावर बीजाणू होतात.
कुणाला देठ व्हायचंय हे हाकेत लिहिलेलं नसतं.

काल रात्री स्वयंपाकघरात
खिडकीच्या बाजूला काहीतरी होतं.
धूर? ओलं लाकूड? की आठवण वासाचं सोंग घेऊन?
खुर्ची टेबलाच्या अलीकडे ठेवली, काही नाही.
पलीकडे ठेवली, किंचित.
पुन्हा अलीकडे. पुन्हा पलीकडे.
खालच्या मजल्यावरच्या बाईंनी छताला काठी ठोकली.

खुर्ची खिडकीशीच राहू दिली.
लेंबेला फोन लावला, बारा वाजून गेले होते.
ती घाबरून म्हणाली, काय झालं?
मी म्हटलं, काही नाही गं,
सौना पेटवलीयेस का आज?