मुका खांब

एकतीस वर्षं मी भोकं तपासली.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, तिकिटांच्या तावांवर,
लहान मुलाच्या दातांसारखी सरळ रांग.
एक जरी भोक सरकलं, की अख्खा ताव रद्दीत.

आता मंगळवार-शुक्रवार शरणपुरात बसतो,
दुर्कसबाईंच्या हॉलवर.
सोळा बायका आणि मी.
डॉक्टर म्हणाले होते, बोटं चालती ठेवा.
शैलानं विचारलं, आणि जीभ?
ते खाली मान घालून गोळ्या लिहीत राहिले.

उजवा हात मांडीवर
दूरच्या पाहुण्यासारखा अवघडून बसलेला.
दुर्कसबाई त्याची मूठ उघडतात,
क्रोशाची सुई ठेवतात, पुन्हा मिटतात.
"वीस साखळ्या."
मला "हो" म्हणायचं असतं.
तोंडातून येतं, "ब."
बायका पटकन आपापल्या दोऱ्यात बघतात.
फक्त रेणू भांडगे फस्‌कन हसते,
म्हणून तर ती मला बरी वाटते.

रेणू येवल्याची. घरात तीन पिढ्यांचा माग.
"आमच्या पदरावरचा पोपट, काका,
मागून-पुढून सारखाच.
तुमच्या ह्या जाळीला बघा, उलटी बाजू असते."
मी ओठाचा उजवा कोपरा चाचपतो.
असते खरी.

साखळी. खांब. अर्धा खांब.
मग एक दिवस आला
मुका खांब.
वाटलं, माझंच नाव घेतलं कोणीतरी.
दुर्कसबाईंनी चष्म्यावरून बघितलं
आणि माझ्याशी न बोलता सगळ्यांना सांगितलं,
"ह्याला उंची नाही. बुटका असतो, घट्ट.
पण लांब खांबांच्या पिशवीत तांदूळ भरा,
दारापर्यंत सांडत जातील.
मुक्याच्या पिशवीतून दाणा पडायचा नाही."

त्या रात्री मी पिशवीच विणायला घेतली.
विटकरी रंगाचा दोरा, शैलाच्या जुन्या स्वेटरचा.
सातव्या ओळीत दोन टाके हरवले,
अकराव्या ओळीत कळलं.
तपासनीस होतो ना मी, झोप कुठून येणार!
टोक ओढलं आणि
चार दिवस चार सेकंदांत जमिनीवर.
लोकरीचं असंच असतं,
बांधायला बोटं लागतात, उसवायला नुसता राग.

पण उसवलेला दोरा सरळ होईना.
प्रत्येक टाक्याचं वळण धरून बसलेला,
कुरळा, हट्टी,
जणू तो अजून पिशवीच आहे
आणि मीच काय ते विसरलोय.

शैलानं चहाच्या पातेल्यावर वाफ दिली त्याला.
वाफेत हळूहळू सैल होत गेला.
मी समोर उभा राहून
उगाच तोंड उघडून ती वाफ घेतली.
ती म्हणाली, "वेडे झालात का?"
आणि गॅस बंद केला नाही.

शुक्रवारी द्वारकेला रिक्षा अडकली.
पुढे कांद्याचा ट्रक, मागे कोणाची तरी वरात.
पिशवीच्या सतरा ओळी माझ्या मांडीवर.
"आज काय शिकवलं?" शैलानं विचारलं.
पाच महिने ती रोज काहीतरी विचारते,
आणि स्वतःच उत्तर देऊन टाकते.
ह्या वेळी मी हात वर केला. थांब.
जिभेखाली सुई घातली,
दोरा पकडला, ओढून घेतला,

"मु... का."

अख्खा शब्द. दोन्ही टाके जागेवर.
रिक्षावाल्यानं आरशात बघितलं.
शैलानं आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे.
"ह्या वयात?" म्हणाली. "द्वारकेच्या सिग्नलला?"

मी पिशवी उचलून दाखवणार होतो,
बोट ठेवणार होतो त्या बुटक्या, घट्ट रांगेवर,
की अगं, हा, हा मुका.
मग तिचे कान दिसले. लाल.
पिशवी खाली ठेवली.

सिग्नल सुटला.
रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला,
पुढे कोणी नसताना.