तिसऱ्या रांगेत, डावीकडे

पहाटे पाचला सान अँतोनिओत समुद्र बंद असतो.
पंप झोपलेले. लाटांचा आवाज काढणारे भोंगे
मी अजून चालू केलेले नाहीत.
निळ्या रुळांवर नुसतं दव,
आणि मी, हातात टॉर्च, कमरेला दोर,
दोनशे अकरा पायऱ्या चढतेय बोल्ट ऐकत.
घट्ट बोल्ट टणकन बोलतो.
सैल झालेला किंचित उशिरा,
खोटं सांगणाऱ्या माणसासारखा.

वरून दिसतात मेस्कीटची झुडपं, हायवे,
एक टायरचं दुकान.
खरा समुद्र इथून अडीच तासांवर.
तो दिसत नाही. मी बघते मात्र रोज.

खाली गाडी उभी, शार्कच्या तोंडाची.
नाकावरचा रंग उडालाय,
पोरं हात लावून जातात,
चर्चमधल्या संताचा अंगठा झिजतो तसं.
बाबांच्या बोटीचं नाकही सोललेलं होतं,
पण ते मिठानं.
मीठ सगळं खातं: खिळे, बिजागऱ्या, तळहाताची साल.
इथल्या तळ्यात क्लोरीन.
"तुझ्याकडे लोखंडाची चैन आहे," बाबा म्हणाले,
एकदाच आले होते बघायला,
आणि बसले नाहीत.

चाचणीची फेरी रिकामी सोडायची नसते.
चोवीस जागा, चोवीस पिवळी प्लास्टिकची धडं,
प्रत्येकात पंच्याहत्तर किलो पाणी.
नळी लावून मीच भरते त्यांना
गळ्यापर्यंत,
मग एकेकाच्या छातीवर दांडी ओढते. खट्.
पाण्याची माणसं. ओरडत नाहीत.
पहिल्या उताराला सगळी एकदम
आतल्या आत पुढे जातात
आणि गाडी थांबली तरी
थोडा वेळ हलत राहतात.

तिसऱ्या रांगेत, डावीकडे, एकाचं बूच गळतं.
त्याला मी नाव दिलेलं नाही. नावं ठेवतही नाही.

रेमूंदो एकोणीस वर्षांचा होता.
सपाट समुद्र, रात्रीची पाळी,
डेकवर कोळंबी निवडत होता,
आणि मग निवडत नव्हता.
बोटीला कुठे दांडी असते?

नव्या बुचासाठी अर्ज मार्चमध्येच केला.
म्हणजे लिहिला. खिशात आहे.

दहाला फाटक उघडतं. भोंग्यांतून लाटा येतात.
पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी,
उंचीच्या रेघेला जेमतेम टेकलेली,
तिथेच जाऊन बसते आणि किंचाळते,
ही सीट ओली आहे!

मी बाहीनं पुसते.
दांडी ओढते. पुन्हा एकदा ओढून बघते.
बस, म्हणते. वाऱ्यानं वाळेल.