उत्तरेचा वारा, तिसरा दिवस

गरब्याचे भोंगे उतरले त्याच आठवड्यात
वारा फिरला.
आधी कळलं ते गच्चीवरच्या कपड्यांवरून:
परवापर्यंत उत्तरेच्या कठड्याला चिकटत होते,
आज दक्षिणेच्या.

तिसऱ्या दिवशी प्रतापगंजच्या कचेरीत चित्र आलं,
आकाशातून काढलेलं, ढगाचा ठिपका नसलेलं.
नदीचं तपकिरी पाणी
किनारा सोडून निघालं होतं.

चार महिने ते भिंतीला पाठ लावून उभं होतं.
दक्षिणेचा वारा असला की समुद्राचं वरचं पाणी
वाऱ्याच्या उजव्या हाताला सरकतं,
आणि आपल्या या काठावर उजव्या हाताला जमीन.
मग नदी अरुंद होते, खोल होते,
अंग चोरून किनाऱ्याकिनाऱ्यानं वर जाते,
सासरच्या माजघरातून जावं तशी.
आता वारा उलटा.
उजवा हात मोकळ्या दर्याकडे.
तापल्या तव्यावर धिरडं पसरावं तसं
ते पसरलं,
इतकं पातळ की खालचं खारं पाणी
भोकाभोकांतून वर बघायला लागलं.

(आखाताच्या आत हा नियम फारसा चालत नाही.
तिथे भरती दांडगी. दिवसातून दोनदा
सगळं घुसळून, आपटून, पुन्हा मांडते.
मी बोलतेय ते तोंडाबाहेरचं.)

या तपकिरीत आमची विश्वामित्रीही असणार, चिमूटभर.
काळ्या घोड्याच्या पुलाखालून गेलेली,
मगरींच्या पाठी पुसत,
रावपुऱ्यातल्या तांब्या-पितळ्यांचं धुवण घेऊन
ढाढरच्या हाती लागलेली.
चित्रात ती वेगळी दिसत नाही.
मी तरी रोज बघते.

कासमभाई माछी बाटल्या घेऊन येतो,
पाण्याच्या, थंड पेयाच्या, एक तर खोकल्याच्या औषधाची,
प्रत्येकीवर खडूनं वेळ.
‘हेमलताबेन, वर डहोळुं, नीचे चोखं,’
म्हणतो, आणि तळहातावर तळहात ठेवून दाखवतो,
वरचा हलवतो, खालचा स्थिर.
गोडं हलकं, म्हणून वर. खारं जड, म्हणून खाली.
दोघं मैलोन् मैल एकावर एक जातात
आणि मिसळत नाहीत,
वारा जोवर जोर करत नाही तोवर.
आणि कड? मी विचारते. कड कशी ओळखतोस?
‘फेस होय छे. पांदडां. कोनी तरी चप्पल.
बगळे त्या रेषेवर बसतात—
ना, बसतात नाही, उडतात.’
माझ्याशी मराठी बोलायचं म्हणून तो थांबून शब्द शोधतो.
मीही त्याच्यासाठी थांबते.

त्रिवेदीसाहेबांना रेघ हवी.
अहवालात एक ठळक रेघ:
इथे नदी संपली, इथे समुद्र लागला.
मी पेन्सिल घेते. क्षारता अठ्ठावीस धरली तर इथे,
तीस धरली तर हे आणखी दोन कोस पुढे,
आणि हे सगळं मंगळवारचं.
आज शुक्रवार.

लग्नाकार्यात कुणी पुण्याचं भेटलं की विचारतं,
‘तुम्ही मूळचे कुठले?’
पणजोबा फौजेबरोबर आले त्याला आता किती वर्षं झाली
हे आमच्यात कुणालाच नक्की माहीत नाही.
मी दांडियाबाजार सांगते. ते हसतात. ‘नाही, मूळचे?’
मी म्हणते, वारा कुठला आहे त्यावर.
त्यांना वाटतं मी कविता करतेय.
मी घनतेबद्दल बोलत असते.

या झोताला मराठीत शब्द नाही मिळाला मला.
पिसारा म्हणून पाहिलं, फार सजलेला वाटला.
शेपूट म्हटलं तर साहेब हसले.
पदर लिहिला आणि खोडला,
पदर सावरणारं कुणीतरी असतं.
शेवटी कासमभाईचाच घेतला, डहोळ,
आणि समासात मराठीत अर्थ लिहिला: गढूळ,
पण वाटेवर असलेलं.

रेघ मी ठिपक्याठिपक्यांची काढली.
साहेबांनी चष्मा वर करून विचारलं,
ही सलग का नाही?
खिडकीचं दार तेवढ्यात आपटलं.
मी उठून कडी लावली.